जाहीर नोटीस: ‘हरकत न आल्यास हक्क सोडला असे समजले जाईल’ या वाक्याला कितपत अर्थ आहे?

कात्रणवही

“तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की...” अशी सुरुवात असलेली चौकट आपल्यापैकी प्रत्येकाच्या नजरेखालून शेकडो वेळा गेली असेल, आणि बहुतेकांनी ती एकदाही शेवटपर्यंत वाचलेली नसेल. एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयात मी कारकून म्हणून बरीच वर्षे काढली. अशा नोटिशींचा मसुदा टंकलिखित करणे, वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागाकडून आलेले मुद्रित तपासणे आणि छापून आल्यावर अंक जपून ठेवणे, हे माझे काम होते. मागच्या आठवड्यात एका परिचितांनी अशाच एका चौकटीचे छायाचित्र पाठवून “आता आमचा हक्क गेला का?” असे विचारले, म्हणून हा धागा काढतो आहे.

एकाच पानावर शेजारी छापलेल्या दोन चौकटी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची जात वेगळी असू शकते. एक चौकट कायद्याने सांगितले म्हणून छापलेली असते. ती छापली नाही तर पुढची कारवाई लंगडी पडते. दुसरी कोणत्याही कलमाने सांगितलेली नसते. खरेदीदाराच्या वकिलांनी ती सावधगिरी म्हणून दिलेली असते. शेवटचे धमकीवजा वाक्य मात्र दोन्हीकडे जवळपास तेच असते, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिल्या जातीचे नेहमीचे उदाहरण म्हणजे समन्स. बेलीफ दोन-तीनदा जाऊन येतो, घराला कुलूप असते, शेजारी “इथे राहत नाहीत” म्हणतात आणि समन्स तसेच परत येते. मग वादी प्रतिज्ञापत्रासह अर्ज करतो. प्रतिवादी बजावणी टाळतो आहे, किंवा अन्य कारणाने नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली, तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ५, नियम २० खाली पर्यायी बजावणीचा हुकूम होतो. समन्सची प्रत न्यायालयाच्या इमारतीत ठळक जागी आणि प्रतिवादीच्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर डकवणे, ही मूळ रीत. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वर्तमानपत्राबाबतचा पोटनियम आला. जाहिरातीने बजावणी करायची असेल तर प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता, व्यवसाय करत होता किंवा कामाला होता, त्या परिसरात खपणाऱ्या दैनिकातच ती द्यावी, असे तो सांगतो. हा तपशील किरकोळ नाही. आमच्याच कार्यालयाने एकदा दर कमी म्हणून अशा दैनिकात समन्स छापून आणले, ज्याचा अंक त्या तालुक्यात पोहोचतच नव्हता. न्यायाधीशांनी खपाबद्दल विचारले, आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि सगळे पुन्हा करावे लागले.

वर्तमानपत्र ही दवंडीची धाकटी बहीण आहे, असे मी नेहमी म्हणतो. थोरली अजून कायद्यात नांदते आहे. स्थावर मिळकतीवर जप्ती आणताना त्या मिळकतीवर किंवा लगत ढोल वाजवून अथवा अन्य रूढ रीतीने हुकूम पुकारावा, असे त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ५४ मध्ये आजही लिहिलेले आहे. लिलावाच्या जाहीरनाम्याची रीतही तीच, आणि न्यायालयाने सांगितल्यास राजपत्रात किंवा स्थानिक वर्तमानपत्रात तो छापायचा असतो. ज्याच्या हिताला धक्का लागणार आहे त्याला आधी कळले पाहिजे, हे यामागचे तत्त्व. खुद्द कायद्यालाही यातून सुटका नाही. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली केलेला अफूविषयक कायदा कधी रीतसर प्रसिद्धच झाला नव्हता. त्याखाली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्द केली. लोकांना कळण्याची वाजवी सोय न करता केलेला कायदा त्यांच्यावर बंधनकारक धरणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या त्या निकालाचे सार आहे.

आता दुसरी जात. “माझे अशील खालील वर्णनाची मिळकत निर्वेध व बोजारहित समजून खरेदी करीत आहेत, सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, बक्षीस, पोटगी, वारसा, कूळ, वहिवाट अगर अन्य कोणत्याही प्रकारे हक्क असल्यास त्यांनी १४ दिवसांचे आत मूळ कागदपत्रांसह लेखी हरकत नोंदवावी, अन्यथा असा हक्क नाही व असल्यास तो जाणीवपूर्वक सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल.” हा मजकूर मी स्वतः इतक्या वेळा टंकला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. ही नोटीस देण्याची सक्ती करणारे कलम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये नाही, नोंदणी कायद्यातही नाही. १४ दिवस हा आकडाही त्या कायद्यांतून आलेला नाही. कोणी ७ लिहितात, कोणी १५. आणि अशी नोटीस न वाचल्याने तुमची मालकी जात नाही. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क दस्ताने सोडायचा झाला तर तो हक्कसोडपत्र नोंदवूनच सोडावा लागतो. तिऱ्हाईताने छापून आणलेल्या वाक्याला ते बळ कोठून येणार?

मग ती देतात कशासाठी? खरेदीदाराला उद्या न्यायालयात “मी प्रामाणिकपणे आणि वाजवी काळजी घेऊन खरेदी केली” असे म्हणता यावे, यासाठी. त्याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये ‘नोटीस’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यात प्रत्यक्ष माहिती असणे जितके येते तितकेच, जी चौकशी करायला हवी होती ती मुद्दाम टाळली किंवा घोर निष्काळजीपणा केला म्हणून माहिती न होणे, हेही येते. सात-बारा उतारा, फेरफार, दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध आणि जोडीला जाहीर नोटीस, अशी ती चौकशी असते. त्यांत नोटीस सर्वांत दुबळी. पण नोंदीत न दिसणारा माणूस, उदाहरणार्थ तोंडी करारावर विसार दिलेला जुना खरेदीदार किंवा सात-बारावर नाव न लागलेली बहीण, पुढे यायची असेल तर ती याच वाटेने येते.

शेवटी छापील अंकाबद्दल. चौकट कापून ठेवणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले. ते करू नये. पूर्ण पान ठेवावे, कारण वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि आवृत्ती पानाच्या डोक्यावर असते, आणि कात्रणातून नेमके तेच निघून जाते. (माझे सदस्यनाम याच धड्याची आठवण आहे.)

ओसरी

लेख आवडला, परंतु मूळ शंका तशीच राहते. जे कोणी वाचत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, ते छापले म्हणजे कळले, असे कायद्याने मानणे ही सोयीस्कर कल्पना नाही का? माझे एक आप्त नोकरीनिमित्त परराज्यात असताना गावाकडच्या दैनिकात त्यांच्या नावे समन्स छापले गेले, आणि त्यांना ते कळले थेट दरखास्तीच्या, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या, वेळी.

कात्रणवही

ओसरी, कल्पना आहे हे मान्य. पण कायद्याला तिचे दुबळेपण ठाऊक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९५० साली एका बँकेच्या न्यासाच्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी अगदी तुमचाच मुद्दा मांडला होता. वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरची बारीक टाइपातली जाहिरात स्थानिक रहिवाशाच्याही नजरेस पडली तर ती योगायोगानेच पडेल, असे ते म्हणाले. ज्यांचे पत्ते माहीत आहेत त्यांना निदान टपालाने कळवलेच पाहिजे. ज्यांचा ठावठिकाणा खरोखरच लागत नाही त्यांच्यापुरती जाहिरात चालेल, असा निकाल लागला. आपल्या संहितेतही क्रम तोच आहे. आधी प्रत्यक्ष बजावणी, ती जमली नाही तरच वर्तमानपत्र. पर्यायी बजावणी हा अपवाद आहे, आणि तो वापरण्यापूर्वी न्यायालयाने विचारपूर्वक समाधान करून घेतले पाहिजे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येही बजावले आहे.

याची दुसरी बाजूही सांगतो. एकदा हुकूम रीतसर झाला आणि त्या परिसरात खपणाऱ्या दैनिकात समन्स छापले गेले की, “मी ते वर्तमानपत्र घेत नाही” हा बचाव चालत नाही. सुनील पोद्दार विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ म्हटले आहे. तुमच्या आप्तांच्या उपयोगाची गोष्ट मात्र मुदत कायद्यात आहे. एकतर्फी, म्हणजे प्रतिवादी हजर नसताना झालेला, हुकूमनामा रद्द करून मागण्याची मुदत ३० दिवसांची असते. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ नुसार ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, पण समन्स योग्य रीतीने बजावले गेले नसेल तर हुकूमनामा कळल्याच्या तारखेपासून. आणि त्या अनुच्छेदाचे स्पष्टीकरण सांगते की, या मोजणीपुरती पर्यायी बजावणी ही ‘योग्य बजावणी’ धरायची नाही. म्हणजे खटला पुढे नेण्यासाठी जाहिरात पुरे, पण उशिरा कळलेल्या माणसाचे दार लावून घेण्यासाठी ती पुरेशी नाही. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतले हे सर्वांत शहाणे वाक्य आहे, आणि पक्षकारांना ते क्वचितच कोणी समजावून सांगते.

हप्तेबंद

कर्जवसुलीच्या नोटिशींबद्दल लिहितो, कारण आजकाल पाने भरतात ती मुख्यतः त्यांनीच. आणि तिथे ‘नोटीस न वाचल्याने हक्क जात नाही’ हे सूत्र लावून बसलात तर घर जाईल.

सरफेसी कायदा, २००२ खाली बँक न्यायालयात न जाता तारण मिळकतीचा ताबा घेऊ शकते. थकीत खाते अनुत्पादक ठरल्यावर कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते. कर्जदार ती टाळत असेल, तर ती घरावर डकवून दोन आघाडीच्या वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांतले एक त्या परिसरात पुरेसा खप असलेले स्थानिक भाषेतले असावे लागते. ताबा घेतल्यावर ७ दिवसांच्या आत ताबा नोटीसही तशाच दोन पत्रांत छापायची असते. “सांकेतिक ताबा घेतला आहे, जनतेने सदर मिळकतीसंबंधी कोणताही व्यवहार करू नये” असे तिच्यात असते. ही नोटीस कर्जदाराइतकीच त्याच्याकडून फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी असते.

खरी मेख लिलावाच्या नोटिशीत आहे. पूर्वी मिळकत प्रत्यक्ष हस्तांतरित होईपर्यंत पूर्ण थकबाकी भरून ती सोडवता येईल, असा अर्थ लावला जात असे. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १३(८) बदलले आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या तारखेपूर्वी रक्कम भरली तरच सोडवण्याचा हक्क, अशी रेषा आखली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्यामुळे येथे वर्तमानपत्राची तारीख हीच हक्काची शेवटची तारीख आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्याची मुदत ४५ दिवसांची असते, तीही भराभर सरते.

बांधकाम कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर आणखी एक चौकट शोधा. कंपनीचा कारभार सांभाळायला नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाने नेमणुकीपासून ३ दिवसांच्या आत जाहीर घोषणा करायची असते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वर्तमानपत्रात. दावे सादर करण्याची अंतिम तारीख त्यातच छापलेली असते. फ्लॅटचे पैसे भरून बसलेल्यांना २०१८ पासून वित्तीय धनको मानतात, परंतु दावा त्यांनी स्वतःच भरायचा असतो.

माहेरवाट

मी हा धागा शोधतच आले, कारण माझा प्रश्न नेमका हाच आहे. वडिलोपार्जित शेतजमिनीबद्दल अशी नोटीस आली आहे. वडील वारल्यावर सात-बारावर फक्त दोन्ही भावांची नावे लागली. नोटिशीला ९ दिवस झाले आहेत, मुदत १४ दिवसांची आहे. भाऊ म्हणतात की, हरकत घेतलीस तर संबंध तुटतील, आणि नाही घेतलीस तरी तुझा हक्क कुठे जातो आहे; वरचा लेख वाचून तेही खरेच वाटते. मग हरकत घेण्याचे कारण काय?

कात्रणवही

माहेरवाट ताई, भावांचे दुसरे वाक्य कायद्याने बरोबर असले तरी व्यवहारात ते तुमच्या विरुद्ध वापरले जाईल. हरकत न घेतल्याने तुमचा हिस्सा संपत नाही. पण खरेदीखत नोंदवले गेल्यावर तुमच्यासमोर भाऊ उरणार नाहीत, पैसे मोजलेला तिऱ्हाईत उभा असेल. तो नोटिशीचे पान काढून दाखवील आणि म्हणेल की, नोंदीत दोघांचीच नावे होती, मी विचारले होते, ताई गप्प होत्या. तुम्हाला नोटीस माहीत असूनही गप्प राहिलात हे सिद्ध झाले, तर तुमच्या मूक संमतीचा युक्तिवाद तो करणारच. तो टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. त्यात वर्षे जातील ती तुमची. उलट आज लेखी हरकत गेली की, तो प्रामाणिक आणि अनभिज्ञ खरेदीदार होता असे त्याला पुन्हा कधीच म्हणता येणार नाही. त्यामुळे बहुतेक वेळा खरेदीदार स्वतःच हात आखडता घेतो.

मजकूर साधा ठेवा. नोटिशीची तारीख व वर्तमानपत्राचे नाव, मिळकतीचा गट क्रमांक, वडिलांशी नाते, मृत्यूची तारीख, आणि “माझ्या संमतीशिवाय माझ्या अविभक्त हिश्श्यासह कोणताही व्यवहार करू नये” एवढे एक वाक्य. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला यांच्या छायांकित प्रती जोडा. मूळ कागद देऊ नका, नोटिशीत मागितले असले तरी. पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवा आणि मुदत जवळ असल्याने एक प्रत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घ्या. मुलीला सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या वाटेकऱ्याचा, हक्क जन्मानेच मिळतो आणि त्यासाठी हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. त्याचा उल्लेख वकिलांकडून करून घ्या.

हरकतीने व्यवहार थांबेलच असे नाही, हेही सांगायला हवे. ती वकिलांना लिहिलेले पत्र आहे, मनाई हुकूम नव्हे. गोष्ट वाटपाच्या दाव्यापर्यंत गेली तर दावा दाखल झाल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला विसरू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला आपल्या राज्यापुरती दुरुस्ती आहे आणि ती नोंद नसेल तर प्रलंबित दाव्याचे संरक्षण, म्हणजे दावा चालू असताना झालेली विक्री निकालाला बांधील राहणे, येथे मिळत नाही.

खुंटी

सगळे वाचले. हे सर्व एका शासकीय संकेतस्थळावर टाकून, गट क्रमांक घातला की नोटीस दिसेल अशी सोय का करू नये? वर्तमानपत्राचा आग्रह आता जाहिरातीच्या उत्पन्नाखेरीज कशासाठी उरला आहे, हे मला समजत नाही.

हप्तेबंद

शोधता येईल अशी नोंद हवी, याबद्दल दुमत नाही, आणि कायदा हळूहळू तिकडे सरकतोही आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत (त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले), ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आणि संकेतस्थळावर, अशी सगळीकडे द्यावी लागते, व त्यावर ६० दिवसांत हरकत घेता येते. छापील पानाचे दोन गुण मात्र संकेतस्थळाकडे आपोआप येत नाहीत. छापलेला अंक दुसऱ्या दिवशी बदलता येत नाही. आणि तो नोटीस देणाऱ्याच्या ताब्यात नसतो. ज्या कार्यालयाला नोटीस दिल्याचे सिद्ध करायचे आहे त्याच्याच संकेतस्थळावर ती ‘होती’ असे म्हणणे, म्हणजे आपल्या कामाला आपणच पोच देणे होय.

ओसरी

खुंटी यांच्या बाजूने एवढेच म्हणेन की, शेताची मालकी ज्यांची आहे ते आज कोणत्या शहरात, कोणत्या भाषेत वाचतात, हा विचार ‘त्या परिसरात खपणारे दैनिक’ या शब्दांत कुठेच नाही. ते शब्द माणूस गावातच सापडेल असे गृहीत धरून लिहिलेले आहेत.

कात्रणवही

हे मात्र खरे आहे, आणि यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

माहेरवाट

कळवायचे राहिले होते. बाराव्या दिवशी हरकत देऊन आले. वकिलांच्या कारकुनाने पत्र घेतले, पण पोच देताना गट क्रमांक पुन्हा विचारला, म्हणून मी पिशवीतले वर्तमानपत्र काढून त्यांच्यासमोर ठेवले. नोटिशीत हिस्सा क्रमांक चुकीचा छापला गेला आहे. आमचा २ आहे, तिथे ३ आहे. आता शुद्धिपत्र काढून नव्याने १४ दिवस द्यावे लागतील, असे ते म्हणाले. पान पूर्ण ठेवले आहे, कापलेले नाही.